लूगोउ पूल: मार्को पोलोच्या २४ कमानी आणि आजच्या ११

नदीकाठ

बीजिंगच्या मध्यवस्तीपासून नैर्ऋत्येला सुमारे १५ किलोमीटरवर योंगदिंग नदीवर एक जुना दगडी पूल आहे. चीनमध्ये त्याला लूगोउ पूल म्हणतात, तर युरोपीय लेखकांनी त्याला तेराव्या शतकातल्या व्हेनिसच्या प्रवाशाचे, मार्को पोलोचे, नाव चिकटवले. आपल्याकडे जागतिक इतिहासाच्या पुस्तकांत तो याच दुसऱ्या नावाने आणि तोही १९३७ साली चीन-जपान युद्धाची ठिणगी पडली त्या एका रात्रीपुरता येतो. त्या रात्रीच्या आधीची साडेसातशे वर्षे मात्र कोणी फारशी सांगत नाही, म्हणून हा धागा.

उत्तर चीनवर तेव्हा जुर्चेन लोकांच्या जिन घराण्याचे राज्य होते. इ.स. ११५३ मध्ये त्यांनी आपली राजधानी आजच्या बीजिंगच्या जागी आणली आणि तिला झोंगदू, म्हणजे मधली राजधानी, असे नाव दिले. दक्षिणेकडून किंवा पश्चिमेकडून राजधानीत येणाऱ्या प्रत्येकाला ही नदी ओलांडावीच लागे. त्यासाठी लाकडी पूल किंवा नावा जोडून केलेला तरता पूल असे आणि पूर आला की तो वाहून जाई. अखेर ११८९ मध्ये दगडी पुलाचे काम सुरू झाले आणि ११९२ मध्ये ते पूर्ण झाले. पुलाला ‘ग्वांगली’ असे अधिकृत नाव मिळाले. सर्वदूर लाभ देणारा, असा त्याचा ढोबळ अर्थ. लोकांनी ते नाव कधीच मनावर घेतले नाही आणि नदीच्या तेव्हाच्या नावावरून त्याला लूगोउचा पूल म्हणणेच चालू ठेवले. ज्यांनी तो बांधला त्यांना तो फार काळ लाभलाही नाही, कारण १२१५ मध्ये चंगेजखानाच्या मंगोल सैन्याने झोंगदू जिंकले. म्हणजे जिन घराण्याच्या वाट्याला त्या पुलाची उणीपुरी २३ वर्षे आली.

पुढे कुबलाईखानाने १२६७ पासून जुन्या शहराच्या ईशान्येला नवी राजधानी वसवली. तिला मार्को पोलो खानबालिक म्हणतो. तिथून नैर्ऋत्येकडे निघाल्यावर दहा मैलांवर ‘पुलिसांघिन’ नावाची नदी लागते आणि तिच्यावर जगात क्वचितच जोड सापडेल असा सुंदर दगडी पूल आहे, असे त्याने सांगून ठेवले आहे. त्याने दिलेली मापे अशी: लांबी ३०० पावले, रुंदी ८ पावलांहून थोडी अधिक, दहा घोडेस्वार शेजारी शेजारी सहज जाऊ शकतील एवढी ऐसपैस वाट, आणि २४ कमानी. कठड्याचे खांब आणि त्यांवरचे संगमरवरी सिंहही त्याने नोंदवले आहेत.

आज तिथे मोजले तर कमानी ११ भरतात. पोलोचे चुकले, की त्याने पाहिलेला पूल वेगळा होता? जाणकारांनी आपले मत द्यावे.

चिरेबंदी

विषय उत्तम निवडला आहे. मला वाटते, पोलोच्या सगळ्या आकड्यांना एकाच मापाने जोखू नये. आजच्या पुलाची लांबी, दोन्ही टोकांचे उतार धरून, २६६.५ मीटर आहे. तिला ३०० ने भागले तर एक पाऊल सुमारे ८९ सेंटिमीटरचे होते, आणि ते लांब टांगा टाकत चालणाऱ्या माणसाचे पाऊल म्हणून पटण्यासारखे आहे. पुलावरच्या वाटेची रुंदी साडेसात मीटरच्या आसपास आहे. तिला ८ ने भागले तर पाऊल ९४ सेंटिमीटरचे येते. ‘८ पावलांहून थोडी अधिक’ हे त्याचेच शब्द लक्षात घेतले, तर दोन्ही मापे एकमेकांशी इतकी जुळतात की हा माणूस याच पुलावरून, किंवा निदान याच मापाच्या पुलावरून, चालत गेला असावा असे मानायला माझी हरकत नाही.

कमानींचा आकडा मात्र जुळत नाही, आणि तो न जुळण्याचे कारण नदीत शोधण्याआधी हस्तलिखितांत शोधावे. पोलोने आपला वृत्तांत चीन सोडल्यावर काही वर्षांनी, १२९८ च्या सुमारास, जेनोआच्या कैदेत रुस्तिकेल्लो नावाच्या सहकैद्याला सांगितला आणि त्याने तो लिहून काढला. ती मूळ प्रत आज उपलब्ध नाही. ज्या अनेक प्रती हाती आहेत त्या नकलांच्या नकला असून त्यांच्यात आपसांतही मेळ नाही. रोमन आकडे हाताने उतरवून काढताना एखादी रेघ किंवा एखादा फुलीचा आकडा वाढणे किती सोपे असते, हे जुन्या दप्तरांत काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. शिवाय चालणाऱ्याला पुलाची लांबी पायांना कळते, पण कमानी मोजायच्या तर काठावर उतरून बाजूने पाहावे लागते. खानाच्या कामावर घाईत असलेला सरकारी प्रवासी ते करीलच असे नाही.

पाटबंधारे

नोकरीची बरीच वर्षे नदीत खांब उभे करण्यात गेल्यामुळे राहवत नाही, म्हणून लिहितो.

तेवढ्याच लांबीत २४ कमानी बसवायच्या तर पात्रात दुपटीहून अधिक खांब रोवावे लागले असते. या नदीवर तसे कोणी शहाणा करणार नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे गाळ. ही नदी लोएस, म्हणजे वाऱ्याने साचवलेल्या भुसभुशीत पिवळ्या मातीच्या प्रदेशातून येते आणि पावसाळ्यात तिचे पाणी पिवळ्या चिखलासारखे होते. तिच्या जुन्या नावांपैकी एक ‘हुन’, म्हणजे गढूळ, आणि दुसरे ‘वूदिंग’, म्हणजे जिचा ठाव नाही ती, कारण ती पात्र बदलत असे. दुसरे कारण बर्फ. हिवाळ्यात नदी गोठते आणि वसंतात बर्फ फुटून त्याच्या लाद्या प्रवाहाबरोबर पुलावर येऊन आदळतात. दोन खांबांतला गाळा जितका अरुंद, तितक्या त्या लाद्या अडकून मागे पाणी तुंबण्याची भीती जास्त.

बांधणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते, हे खांबांच्या आकारावरून दिसते. पात्रात दहा खांब आहेत. प्रत्येक खांबाचे प्रवाहाकडचे टोक नावेच्या नाळेसारखे निमुळते आहे आणि त्या टोकाच्या धारेवर त्रिकोणी छेदाचा लोखंडी गज उभा बसवलेला आहे. बर्फाची लादी येऊन आपटली की ती त्या धारेवर फुटते आणि तुकडे दोन्ही बाजूंनी कमानींखालून निघून जातात. स्थानिक लोक या गजांना ड्रॅगन कापणाऱ्या तलवारी म्हणतात. ड्रॅगन म्हणजे पुराचे पाणी, हे उघड आहे. खांबांची मागची बाजू निमुळती नसून नावेच्या पिछाडीसारखी आहे, आणि पुलाचे चिरे एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले आहेत. कमानी काठाकडून मध्याकडे थोड्या थोड्या मोठ्या होत जातात, त्यामुळे सर्वांत रुंद गाळा मुख्य धारेवर येतो. हा हिशेब पक्क्या गवंड्याचा आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. इतके करूनही पुराने या पुलाला सोडलेले नाही. मिंग (१३६८–१६४४) आणि छिंग (१६४४–१९१२) घराण्यांच्या काळात त्याची अनेकदा दुरुस्ती झाली, आणि सतराव्या शतकात, कांगशी सम्राटाच्या कारकिर्दीत, पुराने खचलेला भाग पुन्हा बांधावा लागला. त्याच सम्राटाने नदीला बांध घालून १६९८ मध्ये तिचे नाव बदलून ‘योंगदिंग’, म्हणजे कायमची स्थिरावलेली, असे ठेवले. आमच्या खात्यात याला कागदोपत्री पूर्तता म्हणत. नाव बदलल्यावरही तिचे पूर थांबले नाहीत.

शब्दवेडी

कमानींच्या हिशेबात ‘पुलिसांघिन’ हा शब्द बाजूला पडू नये, कारण मराठी वाचकाला तो जवळजवळ फोड न करताच कळण्यासारखा आहे. पोलोच्या काळी मंगोल साम्राज्यात व्यापाराची आणि परक्या अधिकाऱ्यांच्या बोलण्याची एक मोठी भाषा फारसी होती, आणि त्याने दिलेली चीनमधली अनेक नावे फारसी वळणाची आहेत. फारसीत ‘पुल’ म्हणजे आपला पूलच. तो शब्द आपण तिथूनच घेतला. ‘संग’ म्हणजे दगड, जो आपल्या संगमरवरात आहे. ‘संगीन’ म्हणजे दगडी, आणि जुन्या मराठीतही संगीन बांधकाम म्हणजे पक्के, दगडी बांधकाम. तेव्हा ‘पुल-इ-संगीन’ म्हणजे दगडी पूल, इतके ते साधे आहे.

गंमत अशी की पोलोने हे नाव पुलाला न देता नदीला दिले आहे. ‘ही कोणती?’ असे त्याने हात दाखवून विचारले असेल, आणि फारसी बोलणाऱ्या सोबत्याला तो पुलाविषयी विचारतो आहे असे वाटून त्याने ‘दगडी पूल’ असे सांगितले असेल, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येते. ही माझी कल्पना आहे, पुरावा नव्हे. अपरिचित प्रदेशात नावे विचारत फिरणाऱ्यांच्या वह्यांत असे घोटाळे नेहमी सापडतात.

चिरेबंदी

व्युत्पत्ती सुरेख आहे, पण दुसरी बाजूही नोंदवतो. याच नदीच्या वरच्या अंगाच्या प्रवाहाला सांगगान म्हणतात. त्यामुळे ‘पुल-इ-सांगगान’, म्हणजे सांगगानवरचा पूल, असाही अर्थ लावता येतो आणि काही अभ्यासकांनी तो लावलेला आहे. तसे असेल तर पुलाचे नाव नदीला कसे लागले, याचा उलगडा थोडा सोपा होतो.

शब्दवेडी

मान्य आहे. कदाचित दोन्ही खरे असेल. ऐकणाऱ्याच्या कानाला ‘सांगगान’ आणि ‘संगीन’ इतके जवळचे वाटले असेल की स्थानिक नावाला फारसी अर्थ आपोआप येऊन बसला असेल. आपल्याकडच्या गावांच्या नावांचेही असेच होते. आधी नाव असते आणि मागाहून त्याला शोभेशी कथा मिळते.

जुना प्रवासी

मी हा पूल पाहिलेला आहे, म्हणून थोडे डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. पुलावर पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा नजर सिंहांकडे न जाता पायांखाली जाते. वाटेच्या मधल्या पट्ट्यात जुने दगड तसेच ठेवले आहेत आणि कडेला सपाट नवी फरसबंदी केली आहे. जुन्या दगडांवर चालणे अवघड आहे. गाड्यांच्या चाकांनी त्यांत इतक्या खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत की पाऊल वाकडे पडते. काही दगड मधोमध खचून उखळासारखे झाले आहेत. नुकताच पाऊस पडून गेला होता आणि त्या चाकोऱ्यांत पाणी साचून लांबच लांब दोन चकाकत्या रेघा दिसत होत्या. मी नव्या फरसबंदीवरून न जाता हट्टाने मधूनच गेलो.

पूर्वेच्या टोकाला कठड्याच्या शेवटाला दगडी सिंह टेकण दिल्यासारखे बसवलेले आहेत, आणि पश्चिमेच्या टोकाला तेच काम हत्तींना दिले आहे. ते डोक्याने कठडा रेटून धरत आहेत असे वाटते. पूर्वेच्या बाजूला छ्येनलोंग सम्राटाच्या अक्षरातला शिलालेख आहे, १७५१ चा. त्यावर चारच अक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ ‘लूगोउवरचा पहाटेचा चंद्र’. हे दृश्य राजधानीच्या आठ प्रसिद्ध दृश्यांपैकी एक मानले जाते. सूर्योदयाचे किंवा सूर्यास्ताचे दृश्य का निवडले नाही, असा प्रश्न मला तिथे पडला होता.

नदीकाठ

त्याचे उत्तर अंतरात आहे असे मला वाटते. राजधानीतून निघालेल्या माणसाचा पहिला मुक्काम पुलाजवळ पडे, कारण सामानसुमानासह पायी किंवा गाडीने पहिल्या दिवशी तेवढीच मजल होई. निरोप द्यायला आलेली मंडळीही इथवर सोबत येत. पुलाजवळ खानावळी आणि उतरण्याच्या जागा होत्या. दूरचा पल्ला गाठायचा म्हणजे भल्या पहाटे निघायचे, आणि त्या वेळी पश्चिमेच्या डोंगरांवर मावळतीचा चंद्र असायचा. म्हणून तो चंद्र निघणाऱ्या प्रवाशाचा आहे. शहरात राहणाऱ्याने तो एरवी पाहिला नसता. पूल शहराच्या आत असता तर हे दृश्य जन्मालाच आले नसते.

शहराबाहेरच्या याच जागेला दुसरीही बाजू आहे. मिंग घराण्याच्या अखेरच्या वर्षांत, १६३८ ते १६४० या काळात, पुलाच्या पूर्व टोकाशी एक लहान तटबंदीचे गाव उभारले गेले, तेच वानपिंग. ते पूर्व-पश्चिम साधारण ६४० मीटर आणि उत्तर-दक्षिण त्याच्या निम्मे आहे, आणि वेशी दोनच: एक राजधानीकडे आणि एक पुलाकडे. बाजारासाठी वसवलेल्या गावाला चार दिशांना चार वेशी असत्या. हे गाव पुलाची चौकी म्हणूनच बांधलेले आहे.

तवारीख

आणि म्हणूनच १९३७ मध्ये जे घडले ते तिथे घडले. धागालेखकांनी ती रात्र मुद्दाम बाजूला ठेवली आहे, पण ती पूर्ण वगळता येणार नाही.

परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर झालेल्या १९०१ च्या तहानुसार परकीय सत्तांना राजधानीपासून समुद्रापर्यंतच्या रेल्वेमार्गावर सैन्य ठेवण्याचा अधिकार मिळाला होता, आणि जपानने त्याचा आधार घेऊन आपली फौज वाढवत नेली होती. १९३७ पर्यंत बेपिंगच्या (तेव्हा शहराचे नाव हे होते) भोवतीचा बराचसा प्रदेश आणि जवळचे फेंगताई हे रेल्वेजंक्शन जपानी वर्चस्वाखाली गेले होते. चिनी हातात दक्षिणेकडे जाणारी जी वाट उरली होती ती वानपिंग, हा पूल आणि त्याच्या शेजारचा रेल्वेपूल यांवरून जात होती. लष्करी दृष्टीने महत्त्व खरे तर त्या रेल्वेपुलाला होते. सिंहांचा पूल बातम्यांत राहिला, एवढेच.

७ जुलैच्या रात्री जपानी तुकडी पुलाजवळ कवायत करीत होती. गोळ्यांचे आवाज झाले, हजेरीत एक शिपाई कमी भरला आणि त्याला शोधण्यासाठी वानपिंगमध्ये शिरू द्यावे अशी मागणी झाली. ती नाकारली गेली. शिपाई थोड्याच वेळात परत आला होता, तरीही पहाटे गोळीबार सुरू झाला. चिनी २९ व्या सेनेच्या जी शिंगवेन यांच्या रेजिमेंटने वानपिंग आणि पूल लढवले. मध्ये तह झाले, मोडले आणि २९ जुलैला बेपिंग पडले. तिथून सुरू झालेले युद्ध १९४५ पर्यंत चालले.

त्या रात्रीच्या जपानी रेजिमेंटचे प्रमुख होते मुतागुची रेन्या. पुढे १९४४ मध्ये इंफाळवर चालून आलेली जपानी १५ वी सेना याच मुतागुचींच्या हाताखाली होती, हे आपण सहसा जोडून पाहत नाही. आणि या युद्धामुळेच १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले.

जुना प्रवासी

वानपिंगच्या तटाच्या विटांत तोफगोळ्यांचे खड्डे अजून तसेच राखलेले आहेत. एकेक खड्डा परातीएवढा आहे. गावात १९८७ पासून या युद्धाचे मोठे संग्रहालय आहे आणि बहुतेक लोक आधी तिथे जातात, पूल नंतर पाहतात. मी उलट केले आणि ते बरे झाले असे वाटते.

पाटबंधारे

एक तांत्रिक भर घालतो. १९०८ मध्ये ग्वांगशू सम्राट वारला आणि त्याची शवपेटी पश्चिमेकडच्या राजस्मशानभूमीत याच पुलावरून न्यायची होती. मिरवणुकीला पूल अरुंद पडला, तेव्हा कठडे काढून बाजूंना लाकडी पूल जोडला गेला आणि काम झाल्यावर कठडे पुन्हा बसवले गेले. विसाव्या शतकात मोटारींसाठी दोन्ही बाजू रुंद केल्या होत्या, त्याही १९८० च्या दशकात काढून टाकल्या आणि वाहतूक जवळच्या नव्या पुलावर वळवली. त्याआधी १९७५ मध्ये ४०० टनांहून अधिक वजनाचा लांब मालवाहू ट्रेलर या पुलावरून नेऊन पाहिला होता. तो राष्ट्रीय संरक्षित वारसा १९६१ मध्येच झाला होता. अशा वास्तूवर तसला प्रयोग मी तरी केला नसता, पण जुने पायवे टिकले हे खरे.

नदीचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९५० च्या दशकात वरच्या अंगाला ग्वानतिंग धरण झाले आणि पुढे कित्येक दशके पुलाखाली पाणीच नव्हते. अलीकडे धरणातून पाणी सोडू लागल्यावर पात्र पुन्हा वाहते झाले. जुलै २०२३ अखेरच्या अतिवृष्टीत मात्र असा पूर आला की जवळच्या एका आधुनिक पुलाचा भाग कोसळला. ११९२ चा पूल उभा राहिला.

चिरेबंदी

‘११९२ चा पूल’ म्हणताना जरा थांबू या. पायवे आणि खांब बहुतांशी जिन काळातले मानले जातात हे ठीक आहे, पण कठडे, सिंह आणि वरची फरसबंदी यांतले बरेच मागाहून बदललेले आहे. सिंहांत जिन आणि युआन (मंगोल) काळातले थोडे, मिंग काळातले पुष्कळ, आणि छिंग काळातले व त्यानंतरचेही आहेत. जुने सिंह अंगाने सडसडीत आणि तोंडाने लांबट असतात. नंतरचे गुबगुबीत आणि आयाळीचे वळसे जास्त कोरलेले. पोलोने ज्या सिंहांचे कौतुक केले, त्यांतला एखादाच आज कुठेतरी बसलेला असेल.

शब्दवेडी

सिंह नेमके आहेत तरी किती?

नदीकाठ

बीजिंगमध्ये ‘लूगोउ पुलावरचे सिंह’ असे म्हटले की पुढचे ‘मोजता न येणारे’ हे न बोलताच समजले जाते. म्हणच आहे तशी. कठड्याचे खांब २८१ आहेत, हे सोपे आहे. पण मोठ्या सिंहांच्या अंगाखांद्यावर पिल्ले आहेत. १९६२ मध्ये पद्धतशीर मोजणी झाली तेव्हा ४८५ भरले. १९७९ मध्ये पुन्हा पाहिले तर आणखी १७ सापडले आणि आकडा ५०२ झाला. हल्ली बहुतेक ठिकाणी ५०१ असा दिलेला दिसतो.

जुना प्रवासी

मी उत्तरेच्या कठड्याने मोजायला सुरुवात केली होती. एका सिंहिणीच्या पुढच्या पंजाखाली पिल्लू उताणे पडलेले होते, ते मोजले. पुढच्या सिंहाच्या छातीशी एक होते, तेही मोजले. मग मागे वळून पाहिले तर आधीच मोजून झालेल्या सिंहाच्या पाठीवर, आयाळीच्या वळशात, बोटभर लांबीचे आणखी एक पिल्लू होते, नाक झिजून गुळगुळीत झालेले. तोवर माझा आकडा ६३ झाला होता की ६४, हे आठवेना, आणि मी पुन्हा पहिल्या खांबाकडे चालत गेलो.